शालन, तुझ्या कप्तानावर मी लई जळलो

शालन, तुला जाऊन बावीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्या त्या कप्तानावर जळतोय. तो मरून दीडशेच्या वर वर्षं झाली असतील. मेलेल्या माणसावर कोण जळतं? मी जळतो. आणि आता तर तू पण तिकडंच गेलीस, जिकडं तो आहे. मी इकडं सोनालीच्या बेसमेंटमध्ये एकट्याचा चहा उकळत बसलोय. शेवटी जमवलंच की तुम्ही दोघांनी.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन शब्द द्या असा निरोप आला. दोनच म्हणले म्हणून मी लगेच हो म्हणलं. चौथी नापास माणसाला दोन शब्द जमतात. नंतर कळलं की दोन पानं पाहिजेत. मग सोनालीनं माझ्या फोनमध्ये कायतरी सेटिंग करून दिलं. मी बोलायचं, फोन लिहितो. मघाशी मी ‘शालन’ म्हणलं तर त्यानं ‘सलून’ लिहिलं. एवढ्या वर्षांत तुझ्या नावानं एक टपरी मला काढता आली नाही, फोननं दुकान काढलं. सोनाली आता कामावर गेलीय. संध्याकाळी येऊन ती हे सगळं तपासणार, सलूनची शालन करणार. म्हणजे पुढं जे सांगणार आहे ते आपल्या पोरीलाही आजच कळणार.

इथं कॅनडात, हॅमिल्टनात सगळे म्हणतात, बबनराव दिलखुलास माणूस, स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. खरंय. पहिल्या हिवाळ्यात दोन तास बर्फ शोव्हल केला आणि तो शेजाऱ्याचा ड्राईव्हवे निघाला, हे मीच सांगितलं. बसमधली उतरायची दोरी मला कपडे वाळत घालायची वाटली, हे पण मीच सांगितलं. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. तू कामाला होतीस त्या म्युझियममधनं तुझ्यासाठी एक फोन आला होता. तो मी घेतला आणि तुला सांगितला नाही. आज सांगितला नाही, उद्या सांगितला नाही, असं करत करत तू गेलीस. आज तेवढं सांगायला बसलोय. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज येईल. तू मला पहिल्यांदा बघितलंस ते तासगावात, एका वरातीत. माझ्या अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुरा, आणि छातीवर सात मेडलं. तुला वाटलं बँडचा मालकच. मालक क्लॅरनेटवर होता. मी कडेला खुळखुळा वाजवत होतो. बँडमध्ये खुळखुळा कुणाला देतात? ज्याला दुसरं काही येत नाही आणि ज्याला काढून टाकलं तर त्याची आई येऊन रडते, त्याला. मेडलं बँडमास्तरानं मिरजेच्या बाजारातनं डझनानं आणलेली. लग्न झाल्यावर तू ती एक एक वाचलीस. तू सातवी पास. एकावर सायकलच्या कंपनीचं नाव होतं. एकावर लिहिलेलं, पोहण्याची शर्यत, दुसरा नंबर. मला पोहता येत नाही. तू एवढी हसलीस की तुझ्या सासूबाई बाहेरनं खोकल्या. पंधरा वर्षं मी तो कोट घातला आणि पंधरा वर्षं तू तो धुतलास. रंग जायचा म्हणून वेगळा धुवायचीस.

मग सोनाली शिकली, इकडं आली, आणि तिनं आपल्याला कागदपत्रं करून बोलावून घेतलं. मला एका गोडाऊनमध्ये खोकी चिकटवायचं काम मिळालं. मालक पंजाबी, त्यामुळं माझं इंग्रजी राहिलं बाजूला, हिंदी सुधारली. तुला तळ्याकाठच्या त्या दगडी घरात सफाईचं मिळालं. तळं कसलं, समुद्रच की तो. घर छोटं, चार खोल्या, त्याचं म्युझियम केलेलं. सकाळी उघडायच्या आधी तू जायचीस, फरशी पुसायचीस, काचा पुसायचीस, दुपारी घरी. पहिल्या आठवड्यात तू आलीस ती भाकरी थापता थापता म्हणलीस, तिथं एक कप्तान आहे. मी म्हणलं बरं. मला काय माहीत, हे बरं मला पाच वर्षं पुरणार आहे.

काचेच्या पेटीत त्याचं चित्र, त्याची दुर्बीण, आणि त्याचं मेडल. शेजारी कार्डं लावलेली, बारीक अक्षरांची. तू काच पुसता पुसता एक एक शब्द उचलून आणलास. ग्रोसरीच्या जाहिरातीच्या कागदामागं पेन्सिलनं उतरवून आणायचीस आणि संध्याकाळी सोनालीला अर्थ विचारायचीस. आमच्या गावात लोक देवळातनं प्रसाद आणतात, तू कप्तान आणायचीस. रोज थोडा थोडा. जेवताना वाढायचीस.

तो बाराव्या वर्षी जहाजावर चढला. मिडशिपमन म्हणून. मी विचारलं, जहाजाच्या बरोबर मध्ये उभा राहायचा का? तू म्हणलीस, शिकाऊ साहेब असतो तो, गप जेवा. मग नेपोलियनशी लढाई लागली. मला नेपोलियन फक्त नावानं माहीत, आमच्याकडं एका बुटक्या फौजदाराला म्हणायचे. तर त्या लढाईत तोफेचा गोळा येऊन जहाजाचं लाकूड फुटलं आणि त्याच्या उडालेल्या ढलपीनं कप्तानाची डाव्या हाताची दोन बोटं गेली. रुमाल बांधून तो तसाच उभा राहिला. मग लेफ्टनंट झाला, मग फ्रेंचांचं एक जहाज पकडून आणलं, मग कप्तान झाला. हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की माझी बोटं दुखायला लागली. आणि जहाजावर लोकांना आजार होऊ नये म्हणून लिंबाचा रस पाजायचे, हे तुला कळलं त्या दिवसापासनं माझ्या वरणात लिंबू, भाजीत लिंबू. मी म्हणलं, मी कुठल्या जहाजावर चाललोय? तू म्हणलीस, हिवाळा आहे, पडलंय तेवढं पोटात जाऊ दे.

मला काय टोचायचं सांगू? त्याचं नाव. तू मला चाळीस वर्षं ‘अहो’ म्हणलीस. माझं नाव तुझ्या तोंडून मी एकदा ऐकलं, लग्नातल्या उखाण्यात, आणि तेव्हा सुद्धा शेजारच्या मावशीनं चिमटा काढल्यावर. आणि त्याचं? कॅप्टन जोसाया विदरली. पुरं नाव. भाकरी उलटताना जोसाया, धुणं घालताना विदरली. मी त्याला विदरल्या म्हणायचो तर तुला राग यायचा. साहेब म्हणा, म्हणायचीस. मी खोकी चिकटवून घरी येतो, माझ्या हाताला टेपचा चिकटा, आणि घरात दुसऱ्याच माणसाच्या बोटांची चौकशी चाललेली.

तरी एक दिवस मजा आली. मेडलाची गोष्ट निघाली. लढाई संपली, जहाज काढून घेतलं, अर्ध्या पगारावर घरी बसवलं, तसा तो इकडं आला आणि तळ्याकाठी शेती करायला लागला. सलगम लावायचा. इतकी वर्षं गेली की डोक्यावरचे केस गेले. तेव्हा कुठं इंग्लंडच्या राणीनं ठरवलं की त्या लढायांत जे होते त्यांना चांदीचं मेडल द्यायचं. पण अट अशी, की जो जिवंत आहे आणि जो स्वतः अर्ज करेल त्यालाच. आणि एकाला एकच मेडल. जेवढ्या लढाया तेवढ्या चांदीच्या आडव्या पट्ट्या वर लावायच्या. विदरल्यानं तीन पट्ट्या मागितल्या. त्यांनी जहाजाचं हजेरीपुस्तक काढलं, तिसऱ्या लढाईच्या दिवशी ह्याचं नाव सापडलं नाही. दोनच दिल्या. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

आणि तिथनं आपलं भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणलं, अर्ज करून मिळालेलं मेडल कसलं? ज्यानं द्यायचं त्यानं आपणहून द्यावं. मागून घेतलं ते मागून घेतलेलं. तू म्हणलीस, “अर्ज केल्याशिवाय काय मिळतं हो? रेशनकार्ड तरी मिळालं का?” मी म्हणलं, माझी सात मेडलं बिनअर्जाची आहेत. तू म्हणलीस, म्हणूनच त्यातलं एक पोहण्याचं आहे. मग तू सांगितलंस की त्याच्या मेडलाच्या कडेवर त्याचं नाव ठोकलेलं आहे, बारीक अक्षरात, चांदीतच. उशिरा का होईना, नाव ठोकलं ना, म्हणलीस. आणि मागच्या बाजूला एक बाई समुद्राच्या घोड्यावर बसलीय, हातात त्रिशूळ. ती कुठली देवी ते कार्डावर नव्हतं. तू रोज काच पुसून झाली की तिला हात जोडायचीस. तिथल्या लोकांना वाटायचं कप्तानाला जोडतेस. मला पण तसंच वाटायचं.

पाच वर्षं तू म्हणत होतीस, एकदा येऊन बघा तरी. दोन बस बदलायच्या, बास. मी म्हणायचो, माझा कोट इस्त्रीला गेलाय. शनिवार आला की मला कायतरी दुखायचं. एकदा तर डावी दोन बोटं दुखतात म्हणालो. तू हसली नाहीस.

आता तो फोन.

मागच्या वर्षी वसंतात म्युझियमवाल्यांनी ठरवलं की उन्हाळ्यातल्या शनिवारी लोकांनी येऊन आपापल्या भाषेत माहिती सांगायची. पंजाबीत, अरबीत, ज्याची जी असेल त्यात. बाहेर फॉर्म ठेवलेले. पुसायला गेलेल्या बाईनं फॉर्म भरला. मला तू सांगितलं नाहीस, सोनालीला सांगितलंस, आणि सोनालीनं मला सांगितलं कुणाला सांगू नका म्हणून. मग वॉशरूमचं दार लावून तू आरशापुढं बोलायला लागलीस. नळ सोडायचीस, ऐकू येऊ नये म्हणून. ऐकू यायचं. “नमस्कार मंडळी, हे आपले कॅप्टन जोसाया विदरली.” आपले. मी बाहेर उभा, मला लागलेली, आणि आत आपले कॅप्टन.

शुक्रवार होता. तू सोनालीबरोबर ग्रोसरीला गेलेलीस, फोन ओट्यावर विसरून. वाजला. मी घेतला. तिकडनं डोना, तुझी म्युझियमवाली बाई. म्हणाली, शालनला सांगा, आम्हाला ती हवी आहे, जूनचा पहिला शनिवार, सोमवारपर्यंत हो म्हणून कळवा. मला इंग्रजी येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण जे समजायला नको असतं ते मला पहिल्या झटक्यात समजतं. मी म्हणलं, ओके ओके, आय टेल. आणि फोन होता तिथं ठेवला. पालथा.

तू आलीस. पिशव्या उतरवल्या. मेथी चांगली मिळाली म्हणलीस. मी म्हणलं, हो का.

मला वाटलं रविवारी सांगू. रविवारी वाटलं सोमवारी सकाळी. सोमवारी तू कामाला गेलीस तेव्हा मी दारात उभा होतो आणि तू विचारलंस, काय झालं? मी म्हणलं, काही नाही, बूट चांगले दिसतात. बूट जुनेच होते. मी वाईट माणूस नाही असं मला वाटायचं. मी फक्त एवढाच विचार केला, की आता ही सगळ्या गावासमोर उभी राहून त्याचं नाव घेणार, आणि मी खाली खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार. परत कडेला. परत खुळखुळा.

जून आला, गेला. त्यांनी तुला काही विचारलं नाही, तू त्यांना विचारलं नाहीस. एकदा फक्त म्हणलीस, माझं इंग्रजी कच्चं म्हणून नसेल घेतलं. मी म्हणलं, पण बोलायचं तर मराठीत होतं ना. तू म्हणलीस, मराठी तरी कुठं शिकलेल्यांसारखी आहे आपली. आणि त्यानंतर वॉशरूममधला नळ बंद झाला. जेवताना कप्तान बंद झाला. मी जिंकलो की नाही? पाच वर्षं ज्याला घराबाहेर काढायचं होतं तो निघून गेला. आणि घर असं झालं की भाकरी मोडल्याचा आवाज यायला लागला. तीन आठवड्यांनी मीच विचारलं, काय म्हणतोय तुझा विदरल्या? तू म्हणलीस, बरा आहे. असं, जसं पाहुण्याच्या आजारी नातेवाइकाबद्दल सांगतात तसं.

मग पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात तू परत एकदा त्याला घेऊन आलीस. शेवटचं. पेटीत एक नवीन चिठ्ठी लावली होती, त्यानं आपल्या बहिणीला लिहिलेली. त्याच्या जहाजावर तोफेवर एक गडी होता. तोही म्हातारपणी इकडंच येऊन राहिलेला, दोन-तीन मैलांवर, पिंपं बनवायचा. त्याला वाचता येत नव्हतं. मेडलासाठी अर्ज करा अशी नोटीस पेपरात आली ती विदरल्यानं वाचली, आपला अर्ज टाकला, आणि त्या गड्याला सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी गडी मेला. कप्तानानं बहिणीला लिहिलंय, मी जाऊन सांगायला हवं होतं, मी गेलो नाही.

मी तुझ्याकडं बघितलं, तुला कळलंय का म्हणून. तुला काही कळलेलं नव्हतं. तू ताटात बोट फिरवत होतीस. मी म्हणलं, मग? का नाही गेला? तू म्हणलीस, “बर्फ असेल हो. त्या वेळी कुठं रस्ते होते.”

शालन, त्याला तू माफ केलंस. भाजीत मीठ जास्त पडलं तर मला दोन दिवस बोलायची नाहीस, आणि त्याच्यासाठी तू स्वतःहून बर्फ पाडलास. मी इतका कधी जळलो नव्हतो. पण त्याच क्षणी मला हेही कळलं की दार उघडं आहे. आत्ता सांगितलं तर चालेल. बर्फ असेल म्हणणारी बाई समोर बसलीय, ताटात बोट फिरवतेय. तोंड उघडलं. आणि तोंडातनं काय निघालं? मी म्हणलं, तोफेवरच्याला ऐकू कमी येत असेल, सांगून तरी काय उपयोग. तू हसलीस. आणि ताट उचललंस. माझा विनोद जमला शालन. माझे विनोद नको तिथं बरोबर जमतात.

त्यानंतर तीन महिन्यांत तू गेलीस. ते कसं झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ते मला इथं नको.

मागच्या आठवड्यात तुझ्या कामाच्या किल्ल्या परत करायच्या होत्या. सोनाली म्हणाली मी देते. मी म्हणलं नको. दोन बस बदलून गेलो. माझी तयारी होती की समोर सहा फुटी गडी असणार, सोनेरी चौकटीत, छाती काढून. डोनानं दार उघडलं. मी आधी पेटीकडं गेलो. शालन, तो एवढासा आहे. पासपोर्टच्या फोटोएवढा. हस्तिदंतावर काढलेला, गाल लाल, डोळे जरा घाबरलेले. खिशात मावेल असल्या माणसावर मी पाच वर्षं जळलो. तू सांगितलं का नाहीस तो केवढा आहे ते?

डोना मागनं आली आणि म्हणाली, यू मस्ट बी बेबन. मला वाटलं ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय. मग कळलं, बबन. तिला माझं नाव कुणी सांगितलं? तू. तिनं सांगितलं की तू रोज म्हणायचीस, बबनला हे आवडतं, बबन असं म्हणाला, बबननं आज हसवलं. तिकिटाच्या खिडकीवरच्या पोरीला पण माहीत, बागेतल्या माणसाला पण माहीत. त्यांच्यासमोर तू माझं नाव घेत होतीस, भरभर, इंग्रजीतनं, जसं काही रोजचंच. आणि घरी अहो. मी तिथं उभा राहून त्या तिघांवर जळलो. त्यांनी ते ऐकलंय. मी नाही ऐकलं.

मग बागेतला माणूस आला, म्हातारा आहे, माझा हात दोन्ही हातात धरून म्हणाला, थँक यू फॉर युवर सर्व्हिस. मी म्हणलं खोक्यांची? डोनानं उलगडा केला. तू त्यांना सांगितलेलंस, माझा नवरा पण युनिफॉर्ममध्ये होता, पंधरा वर्षं. बँडमध्ये. सात मेडलं आहेत. त्यांनी मिलिटरीचा बँड धरला. विदरल्याला दोन पट्ट्या आणि मला सात मेडलं. त्यांना वाटत होतं मी मोठा फौजी, लाजरा आहे म्हणून येत नाही.

मी तसंच राहू देऊ शकलो असतो. कुणाला कळणार होतं? पण माझा स्वभाव. मी सांगितलं. वेडिंग बँड. हाताला खुळखुळा नव्हता म्हणून किल्ल्यांचा जुडगा हलवून दाखवला. सायकल कंपनीचं सांगितलं, पोहण्याचं सांगितलं. म्हातारा हसता हसता खुर्चीवर बसला. डोनाला हसू पण आलं आणि डोळ्यात पाणी पण. मला एकदम बरं वाटलं. हे मला येतं. चाळीस वर्षं हेच केलंय. आता किल्ल्या देऊन बस पकडायची.

किल्ल्या दिल्या. दारापर्यंत गेलो. आणि परत फिरलो. माझ्याकडं तेवढंच इंग्रजी होतं. म्हणलं, “डोना. यू फोन, शालन, सॅटर्डे. आय नो टेल.”

तिला कळलं नाही, अजून हसतच होती. मी परत म्हणलं. आय नो टेल शालन. शी डोन्ट नो. तेव्हा तिचा चेहरा बदलला. म्हातारा उठून बागेत गेला. ती हळूहळू बोलली, मला समजावं म्हणून एक एक शब्द. तिला वाटलेलं तुला भीती वाटली असेल, म्हणून तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तिनं विषय काढला नाही. आणि तुला वाटलं तुझं इंग्रजी कच्चं, म्हणून तू काढला नाहीस. तुम्ही दोघी रोज एकाच पेटीपाशी उभ्या राहून एकमेकींची लाज राखत होतात. मध्ये मी.

ती ‘इट्स ओके’ म्हणाली नाही. इथं सगळे दर दोन मिनिटाला इट्स ओके म्हणतात, पायावर पाय दिला तरी म्हणतात. ती नाही म्हणाली. मला ते बरोबर वाटलं. तिनं खणातनं तुझा फॉर्म काढून दाखवला. तुझं अक्षर. भाषेच्या रकान्यात मराठी, आणि खाली विषयात कप्तानाचं पुरं नाव, एक अक्षर खाडाखोड करून. मी तो बराच वेळ धरला. मग तिला विचारलं, असला कोरा एक आहे का?

मी अर्ज केला, शालन. मागून घेतलेलं. भांडणात तू जिंकलीस, आणि आता कुणाला सांगणार? नाव मी लिहिलं, बाकीचं डोनानं. अनुभव ह्या रकान्यात काय लिहू म्हणाली. मी म्हणलं, पाच वर्षं ऐकलंय. खोटं नाही. मला वाटायचं मी लक्ष देत नाही. बसमध्ये परत येताना मी मनातल्या मनात सुरू केलं तर बाराव्या वर्षापासनं सलगमापर्यंत सगळं आलं, मध्ये कुठं अडलो नाही. फक्त आवाज तुझा येत होता.

येत्या जूनमधला पहिला शनिवार मला दिलाय. मंडळाच्या लोकांनी यावं, दोन बस लागतात. सोनाली, तू आता हे तपासत असशील. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण हे कापू नकोस.

पहिलं वाक्य मी पाठ केलंय, ते कप्तानाचं नाही. हे सगळं शालन बबन माने सांगणार होती, तिला बोलवायचा फोन आला होता, तो मी घेतला आणि तिला सांगितला नाही. एवढं बोलून मी थांबणार. कुणी हसणार नाही. लोक माझ्यासमोर हसत नाहीत ह्याची मला सवय नाही, लगेच हात खिशात जातो, कायतरी हलवून वाजवावं वाटतं. तसं करणार नाही. सगळे गप्प असतील तेवढा वेळ मी तिथं उभा राहणार आहे.